बॉयलरच्या दरवाजाचं सिरॅमिक फायबर एका हंगामातच का जातं? या चुका टाळा

गळीत हंगाम संपला की सांगली-साताऱ्याच्या साखर कारखान्यांत बॉयलरचे मॅनहोल दरवाजे उघडतात. परवा अशाच एका दरवाजाचं सिरॅमिक फायबरचं अस्तर, म्हणजे उष्णता अडवणारं तंतूंचं ब्लँकेट, बोटानं दाबलं. वरचा थर पापडासारखा कटकन मोडला, पिवळसर आणि काचेसारखा. मागचा मात्र कापसासारखा मऊ. फिटर म्हणाला, "साहेब, माल हलका आलाय." माल चांगला १२६० ग्रेडचा, म्हणजे १२६० अंश सेल्सिअससाठीचा होता.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ग्रेडचा आकडा बघून आपण निर्धास्त होतो, पण तो स्वच्छ हवेतल्या चाचणीतून येतो. आपल्याकडे जळतं बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, आणि त्याच्या राखेत पोटॅशियम असतं. पाचट मिसळलं की ते आणखी वाढतं, वर क्लोरीनही येतं. पोटॅशियमची वाफ तंतूतल्या सिलिकाला धरते आणि कमी तापमानाला वितळणारी काच तयार होते. तंतू एकमेकांना चिकटतात, अस्तर आकसतं, सांधे उघडतात आणि आग थेट अँकरपर्यंत, म्हणजे अस्तर धरून ठेवणाऱ्या धातूच्या खिळ्यांपर्यंत पोचते. तसंही हे तंतू साधारण ९८० अंशांपासून स्फटिक धरू लागतात. पोटॅशियमसारखी अल्कली असली की ते आणखी कमी तापमानाला. म्हणून झिरकोनिया हे उष्णता सोसणारं ऑक्साइड घातलेला १४२५ ग्रेड आणला तरी वाफेपासून सुटका नाही, त्यातही सिलिका भरपूर असते. जास्त अ‍ॅल्युमिनाचा फायबर टिकतो, पण तो महाग. निदान ज्वालेसमोरच्या थराला तरी तोच वापरावा, असं माझं मत.

"मग कोटिंग मारू," असं लगेच ठरतं. कोटिंगमुळे वायूच्या झोतानं तंतू उडत नाहीत, वाफही उशिरा शिरते. पण कडक झालेल्या जुन्या थरावर मारलेलं कोटिंग खालचं ब्लँकेट आकसलं की पोपडे धरून गळतं. जाड हात मारला तर सुकतानाच चिरतं. त्या चिरेतून वाफ आत जाते आणि नुकसान कोटिंगमागे लपतं. उघडं अस्तर झिजलं तर निदान दिसतं तरी. खराब थर काढा, मगच पातळ हात द्या.

ऑफ सीझनला बॉयलर धुताना दरवाजे झाकायचे राहतात. राखेतले क्षार पाण्यात विरघळून मागच्या चांगल्या थरात मुरतात.

आणि जुनं अस्तर कोरडंच ओरबाडू नका. खूप तापलेल्या फायबरमध्ये क्रिस्टोबलाइट, म्हणजे सिलिकाचे स्फटिक, झालेलं असू शकतं, ती धूळ फुप्फुसात कायमची बसते. आधी पाणी शिंपडा. पोरांच्या नाकाला रुमाल नको, धुळीचा खरा मास्क द्या.