जगाचा इतिहास पॉडकास्टवर ऐकताना या चुका टाळा

लातूर, परभणी किंवा हिंगोलीत बसून जगाचा इतिहास थेट अभ्यासकांच्या तोंडून ऐकायला मिळावा, ही सोय आधीच्या पिढीला नव्हती. बीबीसी रेडिओ ४ वर १९९८ पासून चालू असलेल्या ‘इन अवर टाइम’ या कार्यक्रमात बहुधा तीन प्राध्यापक एकाच विषयावर पाऊण तास बोलतात, आणि तो कार्यक्रम आता कोणालाही मोबाइलवर ऐकता येतो. एवढे असूनही अनेक श्रोत्यांची तक्रार असते की भाग ऐकून झाले, पण हाती काही लागले नाही. याचे कारण बहुतेक वेळा ऐकण्याच्या सवयींत सापडते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘हे कशावरून?’ हा प्रश्न न विचारता ऐकत जाणे. चांगला इतिहासकार बोलताना ‘बहुधा’, ‘असे दिसते’, ‘एकाच ग्रंथात उल्लेख आहे’ असे शब्द जपून वापरतो. श्रोत्याच्या लक्षात मात्र फक्त गोष्ट राहते. आपल्या दौलताबादचेच पाहा. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास देवगिरीला राजधानी हलवली, तेव्हा एका आंधळ्याला दिल्लीहून फरफटत आणले आणि दौलताबादेत त्याचा फक्त पाय पोहोचला, ही कथा मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने सांगितली आहे. परंतु तो हिंदुस्थानात आला १३३३ च्या सुमारास, म्हणजे त्याने हे ऐकलेले आहे, पाहिलेले नाही. इसामी या इतिहासकार-कवीने १३५० मध्ये दख्खनमध्ये बसून लिहिले, पण त्याच्या घराण्याला या स्थलांतराची झळ बसली होती आणि त्याचा आश्रयदाता बहमनी सुलतान तुघलकाविरुद्ध बंड करूनच गादीवर आला होता. उलट त्याच सुमाराचे दिल्लीचे संस्कृत शिलालेख ते शहर अगदी ओस पडले नव्हते असे सुचवतात. तीन साधने, तीन वेगळ्या जागा. एवढे कळले की पॉडकास्टवर दोन तज्ज्ञ परस्परविरोधी बोलले तरी गोंधळ होत नाही, कारण कोण कोणत्या साधनावर भर देतो आहे हे ऐकू येऊ लागते. म्हणून वहीत निष्कर्ष टिपण्याआधी त्यामागचे साधन टिपावे, मग निष्कर्ष अर्धाच लिहून झाला तरी चालेल.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे आणि ती अभ्यासू श्रोत्यांकडूनही होते. एका प्रदेशाबद्दल ऐकलेले स्पष्टीकरण दुसऱ्या प्रदेशाला जसेच्या तसे लावले जाते. अटलांटिक गुलामव्यापारावरचे भाग पुष्कळ आहेत. सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना जहाजांवर चढवले गेले, हा अंदाज सुमारे ३६,००० सफरींच्या नोंदींवर उभा आहे. तो ऐकून श्रोता मलिक अंबरकडे वळतो आणि त्याच चौकटीत त्याला बसवू पाहतो. इथिओपियात सुमारे १५४८ मध्ये जन्मलेला, अनेकदा विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा होतो, १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवतो आणि मोगलांना १६२६ मध्ये मरेपर्यंत झुंजवतो. त्याला विकत घेणारा चंगेजखानही हबशीच होता आणि तोही निजामशाहीचा पेशवाच होता. अटलांटिकपलीकडच्या मळ्यात राबणाऱ्या गुलामाच्या वाट्याला अशी वाट येणे जवळजवळ अशक्य होते. हिंदी महासागरातल्या गुलामीचे क्रौर्य याने कमी होत नाही; फक्त तिची रचना वेगळी होती, आणि तिच्या जहाजनोंदी तशा टिकलेल्या नसल्याने आकडेही तितके भक्कम नाहीत. ज्या तज्ज्ञाचा अभ्यास कॅरिबियन बेटांचा आहे, त्याचे दख्खनवरचे एखादे वाक्य त्याच वजनाने घेऊ नये. भागाच्या वर्णनात वक्त्याचा विषय दिलेला असतो. तो आधी वाचावा.

नावे न ओळखल्यानेही बरेच काही निसटते. रोमन व्यापारावर बोलताना अभ्यासक ‘बॅरिगाझा’ आणि ‘टगारा’ म्हणतात, आणि धाराशिव जिल्ह्यातला श्रोता ते दूरचे काहीतरी समजून सोडून देतो. हे टगारा म्हणजे आपले तेर, आणि बॅरिगाझा म्हणजे भडोच. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या सागरी व्यापाराच्या वर्णनात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर टगारा असल्याचे आणि तिथून कापड व मलमल गाड्यांवर लादून भडोचला जात असल्याचे लिहिले आहे. इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पॉम्पेईत एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तिला आधी लक्ष्मी म्हटले गेले, पुढे अनेकांनी यक्षी मानले, आणि तिचे नाते अभ्यासक तेर व भोकरदन येथे सापडलेल्या हस्तिदंती मूर्तींशी जोडतात. तेरच्या लामतुरे संग्रहालयात एकदा जाऊन आलेल्या माणसाला असा भाग अगदी वेगळा ऐकू येतो. अडलेले नाव उच्चारावरून शोधत बसण्यापेक्षा भागाचे लिखित रूप उघडावे, आणि आपोआप तयार होणाऱ्या मजकुरात विशेषनामे हमखास चुकतात म्हणून नकाशाशी ताडून घ्यावे.

सनावळीचा घोळ थोडक्यात सांगतो. रशियातली ‘ऑक्टोबर क्रांती’ आजच्या पंचांगाने ७ नोव्हेंबर १९१७ ला झाली. आपल्याकडच्या निजामकालीन कागदांवर फसली, म्हणजे महसुली, सन असतो, त्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारणपणे निघतो. वेगवेगळे भाग एकाच कालपट्टीवर मांडावेत: १६०० मध्ये इंग्रजांची आणि १६०२ मध्ये डचांची व्यापारी कंपनी, १६१० मध्ये गॅलिलिओची गुरूच्या चंद्रांवरची पुस्तिका आणि त्याच वर्षी खडकी.

एसटीच्या प्रवासात नेटवर्क तुटते, तेव्हा भाग घरीच डाउनलोड करून घ्यावा आणि अनोळखी विषय दीडपट वेगाने ऐकू नये, कारण ‘बहुधा’सारखे शब्द पहिल्यांदा त्याच वेगात हरवतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी तर पाठ्यपुस्तकातले प्रकरण वाचून झाल्यावरच संबंधित भाग लावावा. पॉडकास्टमधली चर्चा घटनाक्रम माहीत आहे असे गृहीत धरून पुढे जाते, आणि तो क्रम तिथे कोणी पुन्हा सांगत नाही.