ओव्हन नको, गॅस जेमतेम: हॅलोविन पार्टीसाठी आपल्या भुतांचं गोडधोड

३१ ऑक्टोबरची हॅलोविन पार्टी आता आपल्या नाशिकच्या गंगापूर रोड, इंदिरानगरकडच्या सोसायट्यांमध्ये पण होते, आणि पोरं युट्युबवरचे भोपळ्याचे केक दाखवून मागे लागतात. पण ओव्हन काय सगळ्यांकडे नसतो, आणि दिवाळी त्याच्याच आगेमागे असते, २०२४ ला तर नरक चतुर्दशी बरोबर ३१ तारखेलाच आली होती, मग केक भाजत कोण बसणार. माझं म्हणणं एवढंच की भाजायची काही गरज नाही आणि भुतं तर अजिबात बाहेरून आणायला नकोत. मुंजा आहे, हडळ आहे, वेताळ आहे, आणि चकली, खोबरं, खजूर हे सामान दिवाळीमुळे घरात असतंच. वळायचं काम सगळं पोरांना द्या, गॅसजवळचं तेवढं तुम्ही करा.

सगळ्यात सोपा मुंजा. गणपतीतला मोदकाचा साचा काढा. डेसिकेटेड खोबरं २ वाट्या, मिल्क पावडर अर्धी वाटी आणि कंडेन्स्ड मिल्क अर्धा डबा म्हणजे साधारण २०० ग्रॅम, हे नुसतं कालवायचं, शिजवायचं नाही. कंडेन्स्ड मिल्क एकदम ओतू नका, थोडं थोडं घाला, गोळा मुठीत दाबला की धरला पाहिजे पण हाताला चिकटायला नको. चिकटला तर अजून खोबरं घाला आणि १५-२० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. साच्याला तुपाचं बोट लावून दाबून भरा, मोदक निघाला की वरचं टोक म्हणजे मुंजाची शेंडी, कळ्या खालच्या बाजूला बोटाने पुसून गुळगुळीत केल्या की झालं डोकं. डोळ्यांना काळे तीळ, तोंडाला टूथपिकने चॉकलेटचा ठिपका. मुंजा पिंपळावर राहतो म्हणून ट्रेमध्ये पिंपळाची पानं धुऊन कोरडी पुसून पसरा आणि त्यावर बसवा, आणि वळता वळता पोरांना त्याची गोष्ट पण सांगा, खरंच सांगा, नाहीतर त्यांना मुंजा कोण ते कळायचं कधी.

कोळी मात्र माझे सगळ्यात लाडके कारण त्यात चकली आहे. मऊ बिनबियांचा खजूर पाव किलो मिक्सरला फिरवा किंवा हातानेच कुस्करा, त्यात भाजलेल्या दाण्याचं कूट अर्धी वाटी आणि कोको पावडर २ चमचे, मळून लिंबाएवढे गोळे करा. आता चकली वाकडीच मोडायची, तिचे गोल वळणाचे काटेरी तुकडे म्हणजे केसाळ कोळ्याचे पाय, असा पाय विकतच्या कुठल्याच गोष्टीतून मिळत नाही. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार, कोळ्याला आठच पाय असतात हे पोरांकडून मोजून घ्या. एक गोष्ट महत्त्वाची, खजुराच्या ओलाव्याने चकली सादळते, म्हणून तुकड्याचं जे टोक आत जाणार ते वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवून आधी सुकवा आणि पाय पार्टीच्या अगदी थोडं आधी खोचा. गोळे आदल्या दिवशी करून ठेवले तरी चालतात. आणि दाणे कोणाला चालत नाहीत का हे त्यांच्या आईवडिलांना विचारून घ्या, तसं असेल तर कुटाऐवजी भाजलेलं डाळ्याचं पीठ वापरा.

चॉकलेटचं बोलायचं तर डार्क कंपाउंडची लादी घ्या. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तूप असतं, त्यामुळे नुसतं वितळवून थंड केलं तरी नीट सेट होतं, महागड्या चॉकलेटसारखं टेम्परिंग, म्हणजे ठरावीक तापमानाला तापवणं आणि थंड करणं, करावं लागत नाही. पातेल्यात थोडं पाणी गरम करा, गॅस बंद करा, वर कोरडा वाडगा ठेवा, वाडग्याचा तळ पाण्याला टेकायला नको. आत चॉकलेट चिरून टाका आणि हलवत राहा. चमचा ओला असला किंवा पाण्याचा एक थेंब जरी पडला तरी सगळ्याचा रवाळ गोळा होतो, मग ते बुडवायला कामाचं राहत नाही, कोमट दूध चमच्या चमच्याने घालून सॉस करून टाकायचा.

डोळ्यांसाठी डब्यातले रसगुल्ले. हलक्या हाताने पाक पिळा, वर अंगठ्याने खळगा करा, त्यात काळा मनुका दाबून बसवा. ताजी काळी द्राक्षं जास्त छान दिसली असती, पण आपला नाशिकचा द्राक्षांचा हंगाम जानेवारीपासून पुढे असतो, ऑक्टोबरमध्ये बागांची छाटणी चालू असते, म्हणून मनुकाच बरा, रविवार कारंज्यावर सुकामेव्याच्या दुकानात मोठा काळा बघून घ्या. लाल शिरा काढायला बिटाचा रस आटवून घट्ट करा आणि टूथपिकने ओढा. मग काचेच्या मोठ्या वाडग्यात रोझ सिरप ओतून त्यात हे डोळे सोडा, दिवे कमी केले की एकदम भारी दिसतं. चार वर्षांच्या आतल्या पोरांना मात्र अख्खा मनुका किंवा अख्खा रसगुल्ला देऊ नका, घशात अडकतो, बारीक तुकडे करून द्या.

वेळ उरला तर वेताळाचं स्मशान. चक्का पाव किलो, पिठीसाखर पाऊण वाटी, कोको २ चमचे, पुरणयंत्रातून काढा म्हणजे गुठळी राहत नाही, छोट्या ग्लासात भरा, वर चॉकलेट बिस्किटांचा चुरा म्हणजे माती. चौकोनी ग्लुकोज बिस्किटावर चॉकलेटने हडळ, खवीस, समंध अशी नावं लिहा आणि वाढायच्या आधी खोचा, लवकर खोचलं तर बिस्किट मऊ होऊन झुकतं. वर जेली वर्म्स टाकणार असाल तर पाकिटावर हिरवा ठिपका बघा, बऱ्याच जेलीत आणि मार्शमेलोत जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांपासून येतं, शाकाहारी घरातल्या पोरांना न सांगता देणं मला पटत नाही.

ऑक्टोबरमध्ये दुपारी ऊन चांगलंच असतं, त्यामुळे पार्टी गच्चीवर असेल तर सूर्य मावळल्यावरच ट्रे वर न्या. श्रीखंडाचे ग्लास आणि रसगुल्ले शेवटपर्यंत फ्रीजमध्ये, उरले तर दुसऱ्या दिवशीच संपवा. मुंजे फ्रीजमध्ये घट्ट डब्यात चार दिवस छान राहतात, खजुराचे गोळे त्याहून जास्त, फक्त चकलीचे पाय काढून ठेवा.