क्वांटम संगणन शिकताना: नाणे आणि क्युबिट यांतील फरक

क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकातील माहितीचे सर्वांत लहान एकक, ० आणि १ यांच्या सुपरपोझिशनमध्ये, म्हणजे दोन्हींच्या संयोगात, राहू शकतो, हे वाक्य तुम्ही वाचलेले असेल असे मी गृहीत धरते. संगणक अभियांत्रिकीच्या पदवीनंतर नोकरी सांभाळून मी हा विषय शिकायला घेतला तेव्हा ते मलाही पाठ होते; त्याचा मी लावलेला अर्थ मात्र चुकीचा होता.

क्युबिट म्हणजे हवेत उडवलेले नाणे, त्याच्या आत ० किंवा १ ठरलेलाच असतो, आपल्याला फक्त तो ठाऊक नसतो, अशी माझी समजूत होती. सिम्युलेटरवर, म्हणजे क्वांटम संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, ० या अवस्थेतील क्युबिटला एक हाडामार्ड गेट (गेट म्हणजे क्युबिटची अवस्था बदलणारी क्रिया) लावून हजार वेळा मापन केले, तेव्हा साधारण निम्म्या वेळा ० आणि निम्म्या वेळा १ आला, आणि ती समजूत अधिकच पक्की झाली. पुढे मी एकापाठोपाठ दोन हाडामार्ड गेट लावले. नाणे दोनदा उडवले तरी निकाल निम्मा-निम्माच यायला हवा. प्रत्यक्षात हजारच्या हजार वेळा ० आला. प्रोग्राममध्ये चूक असणार असे धरून मी कित्येक संध्याकाळी ती शोधत राहिले. प्रोग्राम बरोबर होता.

इथे घाई करू नका, कागद घ्या. हाडामार्ड गेट ० ला (१/√२, १/√२) या सदिशात नेते आणि १ ला (१/√२, −१/√२) या सदिशात. हे आकडे (पहिला ० चा, दुसरा १ चा) संभाव्यता नव्हेत, ॲम्प्लिट्यूड आहेत. त्यांच्या मापाचा वर्ग केल्यावर संभाव्यता मिळते. दुसऱ्या गेटनंतर १ पर्यंत पोहोचण्याचे दोन मार्ग असतात: मधल्या ० वरून येणाऱ्या मार्गाचा ॲम्प्लिट्यूड +१/२, मधल्या १ वरून येणाऱ्याचा −१/२, आणि बेरीज शून्य. ० पर्यंतच्या दोन्ही मार्गांचा ॲम्प्लिट्यूड +१/२ असल्याने तिथे बेरीज १ होते. संभाव्यता ऋण नसते, म्हणून नाण्याच्या बाबतीत एक मार्ग दुसऱ्याला खोडू शकत नाही. ॲम्प्लिट्यूड मात्र ऋण किंवा संमिश्रही असू शकतो, आणि त्यामुळे घडणाऱ्या या खोडाखोडीला व्यतिकरण म्हणतात. दोन गेटच्या मध्ये मापन घातले, तर व्यतिकरण नाहीसे होऊन निकाल पुन्हा निम्मा-निम्मा येतो.

‘क्वांटम संगणक सगळी उत्तरे एकाच वेळी तपासतो’ हे वाक्य सांगणाऱ्या कोणत्याही अभ्यासक्रमापासून दूर राहा, असे मी स्पष्टपणे सांगेन. n क्युबिटचे मापन केल्यावर हाती n बिटच येतात, आणि चुकीच्या उत्तरांचे ॲम्प्लिट्यूड खोडण्याची योजना नसेल तर ते निव्वळ यादृच्छिक असतात. लव्ह ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये मांडलेला शोध-अल्गोरिदम याच दृष्टीने पाहा. चार नोंदींत एकच हवी असेल, तर त्याच्या एका फेरीत ती खात्रीने सापडते. पण फेरी आणखी एकदा चालवली की यशाची संभाव्यता १/४ वर, म्हणजे डोळे मिटून निवडण्याइतकी खाली येते. समांतर तपासणीची कल्पना खरी असती, तर जादा फेरीने नुकसान झालेच नसते.

मला यातून बाहेर काढले ते एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, आणि तेही काही न समजावता: त्यांनी दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सचा गुणाकार हाताने करायला लावला, कारण एका क्युबिटवरचे गेट म्हणजे असा मॅट्रिक्सच असतो. तेव्हापासून माझे ठाम मत आहे, की पहिल्याच दिवशी किस्किट हे क्वांटम प्रोग्रामिंगचे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करून देणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा पहिले पंधरा दिवस लॅपटॉप बंद ठेवायला सांगणारा मार्गदर्शक बरा. आठवड्याभरात मिळणाऱ्या प्रमाणपत्रांवर पैसे घालवू नका.

भौतिकशास्त्राची पदवी नाही म्हणून घाबरण्याचे मात्र कारण नाही. गेट आणि अल्गोरिदम समजायला बारावीपर्यंतच्या संमिश्र संख्या, सदिश आणि मॅट्रिक्स सुरुवातीला खरोखर पुरतात. एन्टँगलमेंट, म्हणजे दोन क्युबिटच्या अवस्था एकमेकींत गुंतणे, हेही त्याच गणितातून उलगडते, फक्त दोन क्युबिटच्या सदिशाला चार घटक असतात. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ६००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली असून पुण्याच्या आयसरमध्ये आणि मुंबईच्या टीआयएफआरमध्ये या क्षेत्रात संशोधन चालते, त्यामुळे आपल्याकडे संधी नाही असेही म्हणता येणार नाही. हार्डवेअरकडे वळायचे असेल तर भौतिकशास्त्र टाळता येणार नाही, हे मात्र आधीच ध्यानात घ्या.

आज रात्री एवढेच करून पाहा: दोन हाडामार्डच्या मध्ये एक झेड गेट घाला. ते फक्त १ च्या ॲम्प्लिट्यूडचे चिन्ह बदलते, म्हणजे त्या टप्प्यावर मापन केले तर निकाल आधीइतकाच निम्मा-निम्मा येईल. तरीही दुसऱ्या हाडामार्डनंतर प्रत्येक वेळी १ मिळेल. तो का मिळतो, हे सिम्युलेटर उघडण्यापूर्वी कागदावर सोडवा.