ग्रुप टूरला जोडून युरोपात चार दिवस स्वतःचे: या चुका टाळा

गोव्यात युरोपचा बेत शिजतो तो बहुतेक वेळा दोन चुलींवर. एकीकडे मुंबईहून निघणारी ग्रुप टूर: पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली आणि रात्री वरण-भात. दुसरीकडे लिस्बनला स्थायिक झालेला भाचा, नाहीतर इंग्लंडातल्या स्विंडनची मावसबहीण. ‘एवढे लांब येताय तर आमच्याकडे राहून जा,’ हा आग्रह ठरलेला. दोन्ही जमवणं शहाणपणाचंच आहे, कारण विमानाचं मोठं भाडं एकदाच पडतं. पण लोक आधी टूरचे पैसे भरून मोकळे होतात आणि उरलेल्या दिवसांचं ‘मागाहून बघू’ म्हणतात. पुढचे बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात.

व्हिसा टूरचा, मुक्काम स्वतःचा

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो. दिवस सारखेच असतील तर ज्या देशातून प्रथम आत शिरणार त्याच्याकडे. समजा टूरमध्ये पॅरिसला ३ रात्री, स्वित्झर्लंडमध्ये ४, ऑस्ट्रियात १ आणि इटलीत ३ आहेत. ग्रुपची फाइल स्वित्झर्लंडकडे जाईल. तुम्ही पुढे लिस्बनला ५ रात्री जोडल्यात की हिशेबच पालटतो. आता तुमचा मुख्य देश पोर्तुगाल, आणि अर्ज ग्रुपबरोबर न जाता वेगळा जायला हवा.

यावर टूरवाल्यांकडून एक सल्ला हमखास मिळतो: ‘लिस्बनचं फाइलमध्ये दाखवूच नका, कोण बघतंय!’ हा सल्ला ऐकू नका. टूर १२ दिवसांची दाखवली तर व्हिसा त्याच हिशेबाने मिळतो. व्हिसाचा स्टिकर हातात आला की लोक फक्त तारखा बघतात. १० मे ते ५ जून असं छापलेलं असतं आणि घरात आनंदीआनंद. पण त्याच स्टिकरवर ‘ड्युरेशन ऑफ स्टे’चा वेगळा रकाना असतो, त्यात १२ लिहिलेलं असेल तर राहायला १२च दिवस मिळतात. वरचे १५ दिवस ही फक्त प्रवास मागेपुढे झाला तर दिलेली सवड. आत शिरल्याचा आणि बाहेर पडल्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. ऑक्टोबर २०२५पासून सीमेवर शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी संगणकीय नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे जादा राहिलेला एक दिवसही आता आपोआप मोजला जातो.

त्याच स्टिकरवर ‘नंबर ऑफ एन्ट्रीज’ असा आणखी एक रकाना आहे. स्विंडनवाल्यांनी तो नीट वाचावा. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. टूर रोमला संपली, तिथून तुम्ही इंग्लंडला बहिणीकडे गेलात आणि परतीचं विमान पुन्हा रोमहूनच असेल, तर ती शेंगेनमधली दुसरी एन्ट्री. रकान्यात १ असेल तर लंडनच्या विमानतळावरच अडवतील. शिवाय ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, आणि पासपोर्ट एका वेळी एकाच ठिकाणी जमा असतो. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. दोन व्हिसा हवे असतील तर ही मुदत पुरेपूर वापरा.

भाच्याकडे राहणार असाल तर हॉटेलच्या बुकिंगऐवजी त्याच्याकडून यजमानाची कागदपत्रं मागवावी लागतात. नुसतं ‘मामा-मामी येत आहेत’ असं पत्र चालत नाही. नमुना देशागणिक वेगळा असतो, म्हणून अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राची यादी समोर ठेवूनच भाच्याला कळवा.

तिकिटाची तारीख

परतीची तारीख किंवा शहर बदलण्याला टूरवाले ‘डेव्हिएशन’ म्हणतात. ग्रुपची तिकिटं एकगठ्ठा घेतलेली असतात, म्हणून हे तिकीट निघण्याआधीच सांगावं लागतं, तेही लेखी. तोंडी ‘हो हो, करून देऊ’ला काही अर्थ नसतो. डेव्हिएशनचा खर्च आणि परतीचं वेगळं तिकीट यांची तुलना करा. कधी कधी ग्रुपच्या तारखा धरून स्वतःचं तिकीट काढणं आणि टूर कंपनीकडून विमानाशिवायचा भाव घेणं स्वस्त पडतं. एक मात्र करू नका: जातानाचं विमान सोडून थेट तिकडे ग्रुपला गाठणं. पहिला टप्पा चुकवला की त्याच तिकिटावरचा पुढचा प्रवास, परतीसकट, बहुतेक विमान कंपन्या रद्द करतात.

स्वतःचे दिवस आधी की नंतर? माझं मत ठाम आहे: नंतर. आधी गेलात आणि रेल्वेचा संप झाला किंवा विमान रखडलं, तर कोच तुमच्यासाठी थांबत नाही, आणि पुढचं हॉटेल दुसऱ्या देशात असतं.

नकाशावर जवळ दिसतं ते

पॅरिस ते लिस्बन थेट रेल्वे नाही. माद्रिद ते लिस्बनसुद्धा थेट गाडी नाही. म्हणजे विमान आलं, आणि स्वस्त विमानाच्या जाहिरातीतलं ‘पॅरिस’ कधी कधी बोव्हे निघतं, पॅरिसपासून सुमारे ८० किलोमीटरवर. रोमला फ्युमिचिनो आणि चाम्पिनो असे दोन विमानतळ आहेत. ग्रुपचं परतीचं विमान जिथून सुटतं तिथूनच आपलं पुढचं विमान घ्या, म्हणजे शेवटच्या दिवशी कोचच तुम्हाला दारात सोडतो. नाहीतर गावाबाहेरच्या हॉटेलच्या पायरीवर, सगळे ‘बाय बाय’ करून गेल्यावर, दोन बॅगा आणि टॅक्सी शोधणारी बायको असं चित्र होतं.

बॅगांवरून आठवलं. भाच्यासाठी न्यायची भेट टूरभर कोचमध्ये चढवायची-उतरवायची तुम्हीच आहात, आणि स्वस्त विमानात तिचे पैसेही वेगळे. त्यातून काय नेता येतं तेही बघा. युरोपियन युनियनमध्ये तूप, पेढे आणि मटणाचं काहीही चालत नाही. मानकुराद आंब्याला रोपस्वास्थ्याचा, म्हणजे कीड-रोग नसल्याचा, दाखला लागतो, म्हणजे विसराच. नारळाला मात्र दाखला लागत नाही, आणि सुकी सुंगटंही (कोळंबी) ठरावीक वजनापर्यंत चालतात. भाच्याची गोंयची हौस तेवढ्यात भागेल.

मोपा ते मुंबई

ग्रुप मुंबईहून निघतो आणि गोव्यातल्या मोपा विमानतळावरून मुंबईचं तिकीट आपण वेगळं काढतो. दोन वेगळी तिकिटं म्हणजे पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला देणंघेणं नाही. देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलोच सामान मोफत असतं, युरोपचं त्याहून जास्त असतं. एक दिवस आधी मुंबई गाठा. जूनमध्ये किंवा त्यानंतर रेल्वेने जाणार असाल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू झालंय का, ते बघूनच तिकीट काढा.

विम्याचं थोडक्यात: टूरच्या पॅकेजमधला विमा टूरच्या तारखांपुरताच असतो. किमान ३०,००० युरोचं संरक्षण शेवटच्या दिवसापर्यंत वाढवून घ्या, आणि ती वाढीव पॉलिसी व्हिसाच्या अर्जालाच जोडा. नंतर वाढवलेली पॉलिसी दूतावासाने पाहिलेलीच नसते.