कोडमधून पीडीएफ बनवताना पानाची मांडणी कशी सांभाळावी

बिलाचं पहिलं पान नीटनेटकं, आणि दुसऱ्या पानावर एकटीच ‘एकूण’ची ओळ. हे टाळायचं तर आधी मोजायचं, मगच लिहायचं.

सुरुवात मापापासून करा. पीडीएफचं मूळ एकक पॉइंट. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. ए-फोर कागद २१० × २९७ मिलिमीटरचा, म्हणजे साधारण ५९५ × ८४२ पॉइंट. कागदाचा आकार कोडमध्ये स्वतः लिहा, लायब्ररीवर (पीडीएफ बनवणाऱ्या तयार कोडवर) सोडू नका. समासाचे आकडेही एकाच जागी ठेवा आणि बाकीची मापं त्यांवरून काढा.

मग मोजणीचं शून्य कुठे आहे ते पाहा. पीडीएफमध्ये ते खालच्या डाव्या कोपऱ्यात असतं. रिपोर्टलॅब या पायथन लायब्ररीचा कॅनव्हास (लिहायचा कोरा पृष्ठभाग) तेच धरतो, एफपीडीएफ ही दुसरी लायब्ररी मात्र वरून खाली मोजते. कॅनव्हासवर मजकुराला दिलेली उंची अक्षरांच्या माथ्याची नसते, अक्षरं ज्या रेषेवर टेकतात त्या तळरेषेची असते. म्हणून वरच्या समासाच्या रेघेवरच लिहिलं तर पहिली ओळ समासात घुसते. फॉन्टच्या आकाराइतकं खाली उतरून लिहा.

खरी मेख पान तोडण्यात आहे. वर-खाली २० मिलिमीटर समास सोडला की सुमारे ७२८ पॉइंट उरतात. तक्त्याची ओळ १८ पॉइंटची असेल, तर शीर्षकासकट ४० ओळी बसतात. समजा नोंदी ३८ आहेत. शीर्षक धरून ७०२ पॉइंट गेले, उरले २६. ‘एकूण’ आणि सहीला हवेत ६०. इथे नुसतं पान उलटू नका. शेवटच्या दोन-तीन नोंदीही ‘एकूण’सोबत पुढच्या पानावर न्या आणि तिथे तक्त्याचं शीर्षक पुन्हा छापा. रिपोर्टलॅबमध्ये एकत्र ठेवायला ‘कीप टुगेदर’ आणि शीर्षकासाठी ‘रिपीट रोज’ आहे. एचटीएमएलवरून (वेबपानाच्या कोडवरून) पीडीएफ करत असाल तर सीएसएस या मांडणीच्या भाषेतलं ‘ब्रेक-इनसाइड’ वापरा. फक्त एक लक्षात ठेवा: पानापेक्षा उंच गठ्ठा कुठल्याही सूचनेने अखंड राहत नाही.

रुंदीसाठी अक्षरं मोजू नका. ‘म’ आणि ‘र’ सारखी जागा घेत नाहीत, म्हणून लायब्ररीकडून मजकुराची रुंदी त्याच फॉन्टमध्ये, त्याच आकारात काढून घ्या. देवनागरीत आणखी एक अडचण येते. अक्षरजुळणी करणारं इंजिन नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला बसते. एफपीडीएफ-टूमध्ये (एफपीडीएफच्या पायथन आवृत्तीत) ही जुळणी मुद्दाम चालू करावी लागते. ओळींतलं अंतरही फॉन्टच्या दीडपट तरी ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतात.

‘७ पैकी ३’ असा पृष्ठक्रमांक हवा असेल तर एकूण पानं आधी कळत नाहीत. जागा राखून ठेवा आणि आकडा शेवटी भरा.

चाचणी एक नोंद, काठोकाठ भरलेलं पान, त्याहून एक नोंद जास्त आणि तीन पानं, अशा चार प्रकारे घ्या. तोवर प्रत्येक पानावर समासाची फिकट चौकट आखून ठेवा. चारही वेळा चौकटीबाहेर काही आलं नाही, की ती पुसा.