हाडातील खनिज सोडवून पाहण्याची रीत

हाड कॅल्शियममुळे कठीण होते, हे विधान अर्धेच खरे आहे. वाळलेल्या हाडाच्या वजनात सुमारे दोन-तृतीयांश वाटा हायड्रॉक्सीॲपेटाइट या कॅल्शियम-फॉस्फेटच्या खनिजाचा असतो, आणि उरलेल्यात बहुतेक कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू असतात. हे दोन्ही घटक एकमेकांपासून सोडवून पाहिले, तर ऊतीचे खनिजीभवन, म्हणजे तिच्यात खनिज साचून ती कठीण होणे, कसे घडते हे नीट उमजते.

कोंबडीच्या तंगडीची, शक्यतो सारख्या आकाराची, दोन कच्ची हाडे घ्यावीत. शिजवताना कोलॅजेनचा काही भाग जिलेटिन होऊन रश्श्यात उतरतो, म्हणून जेवणातली हाडे टाळावीत. मांस व पातळ आवरण खरवडून काढावे आणि हाडे वाळवून दोन्हींचे वजन टिपून ठेवावे.

पहिले हाड काचेच्या बरणीत पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पूर्ण बुडवून झाकण सैल ठेवावे. सुरुवातीला बारीक बुडबुडे दिसतात, कारण हाडाच्या खनिजात थोडे कार्बोनेटही असते. शेजारी अंड्याचे कवच बुडवले तर ते कितीतरी जोमाने फसफसते, कारण ते जवळजवळ पूर्णपणे कॅल्शियम कार्बोनेटचे असते. खनिज घडवणारी प्रत्येक ऊती एकच खनिज घडवत नाही, हे येथेच स्पष्ट होते. व्हिनेगर दर दोन दिवसांनी बदलावे आणि पहिल्या खेपेचे वापरलेले व्हिनेगर जपून ठेवावे. साधारण आठवडाभरात हाड रबरी नळीसारखे वाकू लागते. मधोमध कडक लागले, तर आणखी काही दिवस द्यावेत.

दुसरे हाड मोठ्या माणसाच्या देखरेखीत, उघड्यावर, कोळशाच्या शेगडीत भाजावे. डोळ्यांवर चष्मा असावा, कारण तडकलेले तुकडे उडू शकतात. कोलॅजेन जळताना हाड आधी काळे आणि मग राखाडी-पांढरे होते. थंड झाल्यावर आकार तोच राहिलेला दिसतो, पण बोटाने दाबताच ते चुरते. बहुतेक शाळांत केवळ व्हिनेगरचा प्रयोग दाखवतात. माझ्या मते हा दुसरा भाग गाळल्यास विद्यार्थ्याच्या मनात कोलॅजेनची बाजू कायमची दुबळी राहते.

आता जपून ठेवलेल्या व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा चिमूट-चिमूट घालावा. आम्लता संपत आली की तळाशी पांढरा साका बसू लागतो. आम्लात विरघळलेले कॅल्शियमचे क्षार आम्लता घटताच पुन्हा घनरूपात येतात. जिवंत हाडातही आम्लता घातकच असते. हायड्रॉक्सीॲपेटाइट तयार होताना आम्ल बाहेर पडते आणि ते वेळीच हटवण्याचे काम ऑस्टिओब्लास्ट या हाड घडवणाऱ्या पेशींना करावे लागते. या पेशी आधी कोलॅजेनचा मऊ सांगाडा विणतात आणि त्यानंतर काही दिवसांनी त्याच्या तंतूंत व तंतूंच्या मधल्या जागेत अतिसूक्ष्म स्फटिक भरू लागतात. बरणीतला साका मात्र नुसती भुकटीच राहतो, कारण तेथे असा सांगाडा नसतो.

खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. रक्तात कॅल्शियम व फॉस्फेट इतके असतात की हायड्रॉक्सीॲपेटाइटचे स्फटिक कुठेही वाढू शकतील; तरीही स्नायू आणि त्वचा मऊच राहतात. याचे कारण शरीर खनिजीभवन सतत रोखून धरते. पायरोफॉस्फेट हा रेणू स्फटिकांची वाढ थांबवतो, आणि हाडात अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर त्याचे विघटन करून ती आडकाठी दूर करते. हाडातील या विकराकडे रॉबर्ट रॉबिसन यांनी 1923 मध्ये लक्ष वेधले होते. ज्यांच्यात ते जन्मतःच अपुरे असते, त्यांच्या रक्तात कॅल्शियम कमी नसतानाही हाडे मऊ राहतात. याची उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. मॅट्रिक्स ग्ला प्रोटीन हे खनिजीभवन रोखणारे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या धमन्या कॅल्शियमच्या क्षारांनी कडक होऊन फुटतात आणि ते सुमारे दोन महिन्यांत मरतात, असे 1997 मध्ये दिसून आले. हे प्रथिन कार्यक्षम होण्यासाठी के जीवनसत्त्व लागते. म्हणून केवळ कॅल्शियमच्या गोळ्यांवर विसंबणाऱ्यांनी ते शरीरात कुठे साचते आणि कुठे साचू दिले जात नाही, याचाही विचार करावा.

प्रयोगाच्या शेवटी मऊ झालेले हाड पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावे आणि दोन्ही हाडांचे पुन्हा वजन करावे. पहिल्याच्या वजनातील घट साधारणतः खनिजाची असते, तर दुसऱ्याच्या घटीत मुख्यतः कोलॅजेन, चरबी व उरलेले पाणी येते.