कोकणातल्या हिरवळीतलं तण : केव्हा आणि कसं काढावं

कोकणात घराभोवतीच्या हिरवळीत (लॉनमध्ये) तण पावसाचे चारही महिने माजतं, पण ते आटोक्यात आणायच्या मुख्य वेळा दोनच. पहिली, मृगाचा पाऊस सुरू होऊन पंधरा दिवस झाले की, म्हणजे आर्द्रा लागताना. दुसरी श्रावणात, फुलं आली पण बी धरलं नाही तेव्हा. मधल्या धो-धो पावसात ओल्या हिरवळीवर चालून माती दाबण्यापलीकडे काही साधत नाही, आणि दाबलेल्या मातीत गवत मागे पडून तण पुढे जातं. म्हणून उघडीप मिळाली की त्याच दिवशी कामाला लागावं.

आर्द्रेच्या सुमाराला टाकळा, कुर्डू, भुईआवळा दोन ते चार पानांवर असतात. माती ओली, मूळ उथळ, त्यामुळे बुडाशी धरून सरळ वर ओढलं की अख्खं रोप येतं. एक गुंठा हिरवळ दोन माणसं सकाळच्या वेळात बेणून काढू शकतात. टाकळा आणि कुर्डूचा कोवळा पाला भाजीला घ्यावा, फवारणी झालेली नसेल तरच. हेच काम महिनाभर लांबवलं तर टाकळ्याचं मूळ खोल जातं आणि ओढताना भोवतालचं गवतही उपटून येतं.

केना वेगळा. त्याच्या कांड्याचा तुकडा ओल्या मातीवर पडला तरी मुळं फुटतात, आणि त्याला जमिनीखालीही फुलं येऊन बी धरतं. म्हणून केना उपटून तिथेच टाकू नये. घमेल्यात गोळा करून कातळावर किंवा पत्र्यावर पसरावा आणि पूर्ण वाळेपर्यंत मातीला लागू देऊ नये. आंबुटीचंही तसंच: जमिनीलगत पसरलेल्या दांड्याला जागोजागी मुळं असतात आणि पिकलेली शेंग हात लागताच बी उडवते. शेंगा हिरव्या असतानाच आंबुटी काढावी. लाजाळूला जाड हातमोजे हवेत. खुरप्याचं टोक मुळाशी पाच सेंटीमीटर आत घालून मूळ तोडावं. वरून कापली की बुडातून पुन्हा फुटते.

खरा त्रास लव्हाळ्याचा. पात गवतासारखी दिसते, पण दांडा बोटांत फिरवून पाहा, तीन कडा लागतात. जमिनीखाली हरभऱ्याएवढ्या काळपट गाठी बारीक दोऱ्यासारख्या मुळाने एकमेकींना जोडलेल्या असतात. वरून ओढलं की दोरा तुटतो, गाठ आत राहते आणि तिच्यावरचे झोपलेले डोळे फुटतात. एकाच्या जागी तीन-चार कोंब दिसतात ते त्यामुळे.

काढायची रीत अशी. पाऊस थांबून एक दिवस झाला की कोंबापासून वीतभर अंतरावर पहार उभी, १५ ते २० सेंटीमीटर खोल घालावी आणि ढेकूळ हलकेच उचलावं. बहुतेक गाठी एवढ्याच थरात असतात. ढेकूळ हाताने फोडून दोरा पुढच्या गाठीपर्यंत माग काढत जावं. काढलेल्या गाठी खतखड्ड्यात कधीच टाकू नयेत. त्या उन्हात कडक वाळवाव्यात किंवा जाळाव्यात. चार-सहा गाठी राहणारच. दर पंधरा दिवसांनी नवीन कोंब दिसताच काढत राहिलं तर गाठीतला साठा संपत जातो. महिना-दीड महिना सोडलं तर त्याच कोंबाला नव्या गाठी धरतात आणि मेहनत वाया जाते.

लव्हाळ्यावर हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के हे औषध उसासाठी मिळतं. त्याची मात्रा एकरी ३६ ग्रॅम, म्हणजे गुंठ्याला एक ग्रॅमहूनही कमी. घरच्या काट्यावर हे तोलता येत नाही आणि जास्त पडलं तर चांगलं गवत पिवळं पडतं. टू-फोर-डी हे तणनाशक फक्त रुंद पानांच्या तणावर चालतं, पण वाऱ्यावर उडालेल्या थेंबांनी शेजारची मिरची, वांगी, जास्वंद वाकडी होतात. जांभ्या दगडाच्या भेगांतून औषधाचं पाणी विहिरीकडे झिरपतं, हेही लक्षात ठेवावं. घराभोवतीच्या दोन-तीन गुंठ्यांना आमच्या मते खुरपं आणि पहार पुरे. मीठ किंवा समुद्राचं पाणी तर मुळीच ओतू नये. तण जातं, पण त्या जागी गवतही धरत नाही.

तण येतं कुठून हे पाहिलं तर निम्मं काम वाचतं. भरावाच्या मातीतून लव्हाळ्याच्या गाठी येतात आणि ताज्या शेणातून बी. माती चाळून घ्यावी, गाठी दिसल्या तर ट्रॉली परत पाठवावी. शेणखत पूर्ण कुजलेलं, हाताला भुसभुशीत लागणारंच घालावं. नवीन हिरवळ करायची असेल तर एप्रिल-मेमध्ये जमीन भिजवून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे कडा मातीत दाबून अंथरावं. वरच्या थरातलं बरंच बी उष्णतेने मरतं. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र याने मरत नाहीत, त्या आधी खणून काढाव्यात.

कापणी फार खाली नको. रुंद पानाचं कार्पेट गवत चार-पाच सेंटीमीटर ठेवावं, बारीक पातीचं तीन सेंटीमीटर, आणि एका वेळी उंचीच्या तिसऱ्या भागाहून जास्त कापू नये. दाट गवताखाली ऊन पोचत नाही, म्हणून तणाचं बरंचसं बी उगवतच नाही. युरिया गुंठ्याला अर्धा किलो, सप्टेंबरअखेरीस पाऊस ओसरल्यावर. जुलैच्या पावसात टाकला तर वाहून जातो. माडाखालच्या सावलीत बारीक पातीचं मेक्सिकन गवत विरळ पडतं, तिथे कार्पेट गवतच लावावं.

तण काढल्यावर उरलेली उघडी जागा त्याच दिवशी भरावी, नाहीतर पुढच्या आठवड्यात तिथे पुन्हा केना येतो. हिरवळीच्या कडेचे मुळासकट तुकडे घेऊन दहा-दहा सेंटीमीटरवर लावावेत, पायाने दाबावेत आणि तीन आठवडे त्या जागेवर चालणं बंद ठेवावं.